हापूसच्या खोक्यावर जाड-बारीक नक्षीदार टंक (फॉन्ट) शोभतो का?

बागायतदार, देवगड

हंगाम जवळ आला की आमच्याकडे खोके छापून घेण्याची घाई सुरू होते आणि दरवर्षी एकच गोष्ट खटकते. 2018 साली भौगोलिक मानांकन मिळालेले फळ आपण विकतो, पण त्यावरचे नाव मात्र सरकारी अर्जावर शोभेल अशा अक्षरांत छापतो. माझे स्पष्ट मत आहे की खोक्यावरचे मुख्य नाव, आणि तेवढेच, 'रोझा वन'सारख्या टंकात असावे. इंडियन टाइप फाउंड्रीचा हा टंक मुक्त परवान्याखाली विनामूल्य मिळतो आणि त्यात देवनागरी व रोमन या दोन्ही लिपी एकमेकींना जुळतील अशा घडवलेल्या आहेत, त्यामुळे परदेशी जाणाऱ्या मालासाठी वेगळी जुळवाजुळव करावी लागत नाही. त्याचे उभे दांडे अतिशय जाड आणि जोडरेषा अतिशय बारीक आहेत. 'हापूस' हा शब्द त्यात मोठ्या आकारात लावून पाहावा: काना ठाम उभा राहतो, ह आणि स यांची वळणे भरदार दिसतात आणि तीन अक्षरांचा शब्द खोक्याची सगळी दर्शनी बाजू व्यापतो.

त्यातील रोमन अक्षरांचे कूळही लक्षात घ्यावे. इटलीतल्या पार्मा येथील मुद्रक बोडोनी (1740–1813) याने जाड आणि बारीक रेषांमधला फरक टोकाला नेला आणि 19व्या शतकाच्या सुरुवातीस लंडनच्या अक्षरकारांनी जाड भाग आणखी फुगवून तो जाहिरातींच्या कामाला लावला. हे वळण मुळातच बाजारात लक्ष वेधून घेण्यासाठी जन्मले आहे.

छपाईवाला, कुडाळ

आपले म्हणणे संगणकाच्या पडद्यावर पटते, पण खोका पडद्यावर छापला जात नाही. पन्हळी पुठ्ठ्यावर स्टिरिओने, म्हणजे रबरी किंवा पॉलिमरच्या ठशाने, छापताना शाई पन्हळीच्या उंचवट्यावर दाबून बसते आणि खळग्यात पुसट उमटते. अक्षराची उंची 25 मिलिमीटर आणि बारीक रेषा त्याच्या पन्नासाव्या हिश्शाएवढी धरली, तर ती रेषा अर्धा मिलिमीटरच भरते. तपकिरी पुठ्ठ्यावर ती कुठे तुटते आणि कुठे पसरते. जाड दांडे तेवढे शाबूत राहतात, आणि ऊकार प ला जोडणारी रेषा उडाली की गिऱ्हाईक 'हापस' वाचते. भरीव रंगातून पांढरे अक्षर काढायचे म्हटले तर उलटाच प्रकार होतो, बारीक रेषा शाईने बुजून जातात. ज्या टंकाचा सगळा स्वभाव बारीक रेषेवर उभा आहे, त्याची तीच रेषा गेल्यावर उरते ते नुसते ठोकळे.

अक्षरप्रेमी, रत्नागिरी

माझा आक्षेप छपाईच्या अडचणीपेक्षा मूलगामी आहे. सेरिफ, म्हणजे अक्षराच्या टोकाचा पाय, हे रोमन लिपीचे अंग आहे. देवनागरीचे जाड-बारीकपण तिरक्या कापलेल्या बोरूतून आले, म्हणून ते वळणावर तिरपे चढते आणि उतरते. बोडोनीच्या पद्धतीने सगळे वजन उभ्या दांड्यांवर टाकले की अक्षर देखणे होते, पण हाताची ओढ त्यातून नाहीशी होते. याच्या उलट उदाहरण 'यात्रा वन' या टंकाचे आहे. रेल्वेच्या हाताने रंगवलेल्या पाट्यांवरून तो घडवला आहे आणि त्यात रोमन अक्षरेच देवनागरी लेखणीच्या कोनाने चालतात. मुलाहिजा कोणी कोणाचा राखावा, याचे ते योग्य उत्तर आहे. शिवाय कमल शेडगे (1935–2020) यांनी नाटकांची नावे त्या त्या नाटकाच्या प्रकृतीप्रमाणे हाताने घडवली. तो वारसा घरात असताना सर्व बागायतदारांनी एकच तयार टंक का वापरावा?

बागायतदार, देवगड

शेडगे यांच्या तोडीचे काम प्रत्येक बागायतदाराला परवडेल, असे आपण गृहीत धरता. आमच्यासमोर निवड हस्तकला आणि टंक यांत नसून चांगला टंक आणि वाईट टंक यांत असते. कुडाळच्या सद्गृहस्थांचा मुद्दा मात्र मला मान्य आहे. म्हणून नावाचे लेबल गुळगुळीत कागदावर ऑफसेटने छापून खोक्यावर चिकटवावे. तिथे अर्धा मिलिमीटरची रेषा स्वच्छ उमटते.

दशावतारी रसिक, वेंगुर्ले

खोक्यांचे मला फारसे कळत नाही, पण जत्रेतल्या नाट्यप्रयोगाच्या फलकावर हा टंक मी आवर्जून वापरेन. राक्षसपार्टाचा भपका, किरीट आणि भरजरी वेश यांच्या शेजारी सपाट अक्षर मिळमिळीत वाटते. रोमन वळणाचा संस्कार झाला म्हणून लिपी बाटत नाही. खुद्द आपल्या दशावतारात हार्मोनियम केव्हाच सामावली आहे. मर्यादा एवढीच पाळावी की कलाकारांची नावे, वेळ आणि ठिकाण साध्या, सम जाडीच्या टंकात असावे. पाट्या करणारे 10 फुटांमागे 1 इंच उंचीचे अक्षर धरतात. महामार्ग 66 वर दीडशे फुटांवरून वाचायच्या फलकाला त्या हिशेबाने 15 इंची अक्षर लागते, आणि त्या आकारात बारीक रेषाही पुरेशी जाड होते.

छपाईवाला, कुडाळ

फलकाबद्दल माझी हरकत नाही. लेबलाबद्दल आहे. एप्रिल-मेच्या दमट हवेत हलक्या गोंदाची लेबले कडेने सुटतात आणि चांगला गोंद व ऑफसेटचा कागद यांचा खर्च प्रत्येक खोक्यावर चढतो. थेट पुठ्ठ्यावरच भरदार अक्षर हवे असेल, तर 'एक टाइप' या टंकसंस्थेचा 'मोदक' हा टंक पाहावा. त्यात बारीक जोडरेषा जवळपास नाहीतच. मात्र त्याच्या अक्षरांच्या आतली पोकळी फार अरुंद आहे, म्हणून शाईचा थर पातळ ठेवावा लागेल आणि अक्षर 40 मिलिमीटरच्या खाली आणू नये.

अक्षरप्रेमी, रत्नागिरी

'मोदक' मलाही मान्य आहे. तो गुबगुबीत असला तरी त्याचा गोलवा देवनागरीचाच आहे. रोझा वनविषयीचा माझा आक्षेप मात्र कायम आहे.