टर्बो सीतलं पहिलं वर्तुळ: तुमचं घोडं कुठे अडलं होतं?

तिरकी रेघ: परवा माळा आवरताना फ्लॉप्यांचा डबा सापडला, एकीवर स्केचपेनने 'ग्राफिक्स, पुसू नये' लिहिलेलं. म्हणून हा धागा. स्क्रीनवर पहिली रेघ कुठल्या भाषेत, कुठल्या कंपायलरवर काढलीत आणि त्याआधी किती डोकं फोडलंत ते येऊ द्या.

माझं टर्बो सी (डॉसवरचा जुना सी कंपायलर), सेकंड इयर. ग्राफिक्स सुरू करणाऱ्या इनिटग्राफ फंक्शनला बीजीआय, म्हणजे ग्राफिक्सचे ड्रायव्हर असलेल्या फोल्डरचा पाथ द्यायचा असतो, तो मी फळ्यावरून उतरवला पण बॅकस्लॅश दोन-दोन टाकायचे ते एकेकच टाकले. आता सीमध्ये बॅकस्लॅश-टी म्हणजे टॅब, बॅकस्लॅश-बी म्हणजे बॅकस्पेस, आणि आमचा पाथ काय तर सी ड्राइव्ह, टीसी, बीजीआय! दोन्ही ठिकाणी नेमकी तीच अक्षरं. कंपायलर हूं की चूं करत नाही, रन केलं की 'ग्राफिक्स नॉट इनिशियलाइज्ड'. अख्खं प्रॅक्टिकल गेलं दोन रेघोट्यांपायी.

निवांत: मी टर्बो पास्कलवाला. १९८७ च्या ४.० मध्ये ग्राफ युनिट (चित्रं काढायच्या फंक्शनांचा तयार संच) आलं, वर 'युजेस ग्राफ' लिहायचं आणि सुटायचं, ते हेडर-बिडर काही नाही. माझा घोळ वेगळाच झाला. क्लासमध्ये व्हीजीए ग्राफिक्स कार्ड होतं, स्क्रीन ६४० बाय ४८० ठिपक्यांची. तिथे झकास घर काढलं, झाड, सूर्य, सगळं, आणि फ्लॉपी घेऊन मिरवत काकाच्या ऑफिसात गेलो तर तिथे हर्क्युलिस कार्ड, एकरंगी, ७२० बाय ३४८. 'कार्ड तूच ओळख' सांगणारं डिटेक्ट दिलेलं असल्याने ड्रायव्हर आपोआप बदलला आणि प्रोग्रॅम चालला पण, फक्त घराला छप्पर होतं नि दार नव्हतं, कारण दार ४०० व्या ओळीच्या खाली, आणि स्क्रीन ३४८ लाच संपलेली! काका म्हणाला, 'आत जायचं कुठून रे?' तेव्हापासून आकडे ठोकून लिहिणं बंद, स्क्रीन केवढी ते गेटमॅक्सएक्स आणि गेटमॅक्सवायला विचारूनच पुढे.

चिंचोका: माझं घोडं अडलं 'अनडिफाइन्ड सिम्बॉल' या एररवर. टर्बो सीच्या ऑप्शन्समध्ये लिंकर (कोडला लायब्रऱ्या जोडणारा), त्यात लायब्ररीज, तिथे ग्राफिक्स लायब्ररीवर खूण. एवढंच होतं. पण आमचे लॅबमधले मामा यायचे, खटखट चार बटणं दाबायचे आणि निघून जायचे, काय केलं ते मात्र वर्षभर सांगितलं नाही.

माळरान: कुणीच फ्लडफिलचं नाव काढलं नाही? तो आतल्या एका बिंदूपासून रंग ओतत सुटतो आणि आपण सांगितलेल्या रंगाची हद्द लागेपर्यंत थांबत नाही. मी तिरंगा काढत होते. पट्ट्यांच्या कडा पिवळ्या काढल्या आणि हद्द सांगितली पांढरी. झालं, हिरवा रंग धरण फुटल्यासारखा स्क्रीनभर. ते निस्तरलं तर कळलं की ठरलेल्या १६ रंगांत केशरी नाहीच! लाइट रेडवर भागवलं. चक्राचे २४ आरे मात्र साइन-कॉसने दर १५ अंशाला स्वतः काढले, त्याचा अजून अभिमान आहे.

उलटा_वाय: २०१३ ला सुद्धा सिलॅबसमध्ये तेच होतं हो. आमच्या लॅपटॉपवर ६४ बिटचं विंडोज, त्यावर टर्बो सी चालेना, मग डॉसबॉक्स (जुन्या डॉसची नक्कल करणारा प्रोग्रॅम) टाका. मी शहाणपणा करून विनबीजीआयएम (विंडोजवर चालणारं बीजीआय) घेतलं डेव्ह-सी++ या कंपायलरमध्ये, तिथे लिंकरला सहा लायब्रऱ्यांची नावं द्यावी लागतात, आणि कंपायलर ३२ बिटचाच हवा. रेघ आली, पण व्हायवाला एक्स्टर्नलनी विचारलं, ब्रेसनहॅममध्ये (रेघेचे ठिपके ठरवायची रीत) गुणाकार का नाही? मी लायब्रऱ्यांची नावं पाठ करून गेलेलो 😅

बबडूचा बाबा: लेकीला पायथनचं टर्टल (रेघ ओढत चालणारं कासव) शिकवतोय. इन्स्टॉल वगैरे काही नाही, पहिल्या मिनिटाला चौकोन. पण त्यात शून्य मधोमध आणि वाय वर वाढतो, आणि माझा हात अजून टर्बो सीचा, शून्य डाव्या कोपऱ्यात, वाय खाली. काल झोपडी काढली ती शीर्षासनात. 'बाबा, तू शिकवतोयस ना नक्की?'

तिरकी रेघ: @चिंचोका, मामा आमच्याकडेही तसलेच. बरं, पुण्यात कुणाकडे चालू फ्लॉपी ड्राइव्ह आहे का? ३.५ इंची.