प्रतिसाद: २००० ल्युमेन किती वेळ टिकतात?

दादा, बोटाएवढी टॉर्च २००० ल्युमेन (म्हणजे उजेडाचं माप) देत असेल तर मोठी कशाला घ्यायची, असं तुम्ही विचारलंय. तो आकडा खोटा नसतो, पण तो सुरुवातीच्या मिनिटा-दोन मिनिटांचा असतो. एलईडीला दिलेल्या विजेतला निम्म्याहून जास्त भाग उष्णता होतो आणि एवढ्याशा अ‍ॅल्युमिनियमच्या नळीला ती बाहेर टाकायला जागाच नसते. म्हणून आतलं सर्किट प्रकाश आपोआप उतरवतं, आणि ते बरोबरच आहे, नाहीतर हात भाजेल. तेव्हा खोक्यावरचा मोठा आकडा सोडा, सलग तासभर टिकणारा आकडा बघा.

आमच्याकडं सांगली जिल्ह्यात पलूस भागात उसाला पाणी रात्रीच्या विजेवर द्यावं लागतं. तिथं लांब झोत काय कामाचा? समोर उसाची भिंत. बांधावर पायाशी रुंद, पसरलेला उजेड हवा, तोही निळसर पांढरा नको. ४००० ते ५००० केल्विनचा (केल्विन म्हणजे उजेडाच्या रंगाचं माप, आकडा वाढला की उजेड निळसर), रंग खरे दाखवणारा घ्या. मातीच्या रंगाची घोणस त्यात लवकर ओळखू येते. अशा एलईडीत थोडे ल्युमेन कमी मिळतात, खुशाल सोडा. लांबचंच बघायचं असेल तर रिफ्लेक्टर मोठा लागतो, मग खिसा विसरा.

चार्ज होणाऱ्या सेलचं म्हणाल तर १८६५० (१८ मिमी जाड) मध्ये साधारण ३५०० एमएएच, म्हणजे साठवलेला चार्ज, आणि २१७०० (२१ मिमी जाड) मध्ये साधारण ५०००. जाडी फक्त ३ मिमी वाढते. शेतासाठी मी २१७०० च सांगेन. चार्जिंगच्या भोकावरचं रबर मात्र घट्ट बसतंय का, ते दुकानातच बघा.