‘प्रायोगिक’ पेप्टाइडे म्हणावे की आणखी काही?

अनुवादिका :
शुक्रवार पेठेतल्या एका तालमीच्या वस्तादांसाठी मी माहितीपत्रकाचा मराठी अनुवाद करीत आहे. त्याला मी शीर्षक दिले होते, ‘स्नायुवाढ व ऊतींच्या दुरुस्तीसाठीची प्रायोगिक पेप्टाइडे : एक तुलना’. (पेप्टाइड म्हणजे अमिनो आम्लांची छोटी साखळी.) ते वाचून तालमीतल्या एका मुलाने विचारले, “प्रायोगिक तत्त्वावर सुरू झाली आहेत, म्हणजे परवानगी मिळालीच असेल ना?” त्याने दाखवलेल्या करंगळीएवढ्या कुपीला रबरी बूच होते, तळाशी पांढऱ्या भुकटीची चकती होती आणि लेबलावर ‘केवळ संशोधनासाठी’ असे छापलेले होते. बीपीसी-१५७ किंवा टीबी-५०० या पेप्टाइडांना औषध म्हणून मान्यता नाही, हे विशेषणातूनच कळायला हवे. ‘प्रयोगाधीन’ चालेल का?

वैद्य, सदाशिव पेठ :
विशेषणाआधी नाम तपासावे. सुश्रुतसंहितेत पेशी ५०० आणि स्नायू ९०० सांगितले आहेत. तेथे पेशी म्हणजे मांसाचा पिंड, तर स्नायू म्हणजे सांधे बांधून ठेवणारे बंध. म्हणून ‘मांसपेशींची वाढ’ हेच शुद्ध होय.

जीवशास्त्राची शिक्षिका :
आज मराठी शाळेत पेशी म्हणजे शरीराचा सूक्ष्मतम सजीव घटक. ‘पेशींची वाढ’ असे छापले, तर पालकांच्या मनात पहिली शंका कर्करोगाची येईल. शब्द वापराने बदलतो, हे मान्य केलेच पाहिजे. ‘ऊती’ मात्र मला फार आवडतो, कारण त्यात विणण्याचा धातू आहे. ‘ओतप्रोत’मधला ‘ओत’ही त्यातलाच. पण विणलेल्या गोष्टीची ‘दुरुस्ती’ कशाला? दुरुस्ती सायकलची होते; जखम भरून येते आणि हाड सांधते.

भौतिकोपचारतज्ज्ञ, कोथरूड :
शीर्षकातला ‘व’ मला अधिक खटकतो, कारण तो दोन निराळ्या गोष्टींना एकत्र बांधतो. बीपीसी-१५७ ही १५ अमिनो आम्लांची साखळी असून, तिच्याविषयीचे बहुतेक पुरावे उंदरांवरील प्रयोगांचे आहेत. टीबी-५०० हे नाव थायमोसिन बीटा-४ या ४३ अमिनो आम्लांच्या रेणूशी जोडलेले आहे. त्यातला ‘टीबी’ क्षयाचा नव्हे, हेही पत्रकात लिहावे. ही दोन्ही जखम भरून येण्यासाठी घेतली जातात. शरीर भरण्यासाठी घेतात ती सीजेसी-१२९५ आणि इपामोरेलिन; ती पीयूषिका ग्रंथीला वाढीचे संप्रेरक सोडायला लावतात. तेव्हा तुलना आधी गटाच्या आत व्हावी. जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या, खेळाडूंना मनाई असलेल्या पदार्थांच्या यादीत २०२२ पासून बीपीसी-१५७ चे नाव ‘मान्यता नसलेले पदार्थ’ या वर्गात आहे. मला ‘मान्यता नसलेली’ हेच सरळ वाटते.

वैद्य, सदाशिव पेठ :
‘वापराने बदलतो’ एवढ्यावर मी थांबणार नाही. माझ्या एका रुग्णाला ‘गुडघ्याजवळचा स्नायू फाटला’ असे सांगण्यात आले होते. फाटला होता अस्थिबंध, म्हणजे हाडाला हाड बांधणारा पट्टा, आणि तो बिचारा तीन आठवडे मांडीला तेल चोळत बसला. शब्द सैल झाला, की उपचारही चुकीच्या जागी होतो.

शिक्षिका :
मग ‘कंडरा’चे, म्हणजे मांसाला हाडाशी जोडणाऱ्या दोरीचे, काय करायचे? बीपीसीचे काही प्रयोग कंडरांवरचे आहेत आणि तालमीत त्यालाच ‘शीर’ म्हणतात. वैद्यांच्या शास्त्रात शिरा रक्त वाहणारी आहे. पत्रक कोणाच्या भाषेत छापायचे?

अनुवादिका :
वस्ताद ‘शीर’च ठेवा म्हणतात. ‘प्रयोगाधीन’विषयी अजून कोणी मत दिलेले नाही आणि मजकूर सोमवारी छापखान्यात जायचा आहे.

वैद्य, सदाशिव पेठ :
‘शीर’ छापणार असाल, तर तिच्यापुढे ‘कंडरा’ हा शब्द एकदा तरी यावा.