जुन्या सिंगल डोअर फ्रिजचं आंबवणीचं कपाट करायचंय. पुण्याच्या हवेत जमेल का?

आंबटगोड_वारजे

नमस्कार मंडळी. आईकडे नवा फ्रिज आला आणि तिचा जुना १६५ लिटरचा सिंगल डोअर मी उचलून आणला. एक्स्चेंजमध्ये जे देत होते त्यात चांगला मिक्सरही आला नसता. फ्रिज चालू आहे, गारही करतो. फक्त दाराचा रबर खालच्या कोपऱ्यात सैल पडलाय.

कल्पना माझ्या मामेभावाची. तो एडिनबरोला असतो आणि घरी बिअर करतो. ब्रिटनमध्ये १९६३ पासून स्वतःपुरती घरी करायला परवाना लागत नाही. बिअर ठरावीक तापमानात आंबावी म्हणून त्याने असाच जुना फ्रिज गॅरेजमध्ये ठेवलाय. एल नावाच्या बिअरच्या यीस्टला (आंबवणाऱ्या सूक्ष्मजीवांना) १८ ते २० अंश लागतात, लागर या दुसऱ्या प्रकारच्या बिअरला ८ ते १२, आणि यीस्ट कामाला लागलं की स्वतःच उष्णता सोडतं, त्यामुळे बादलीतला माल खोलीपेक्षा काही अंश जास्त तापतो, असं त्याने समजावलं. मला बिअर करायची नाही. मी कोंबुचा (आंबवलेला गोड चहा) करते, आल्याची सोडा करते आणि आता तेंपे (बुरशीने आंबवून घट्ट वडीसारखं बांधलेलं सोयाबीन) शिकतेय. पण अडचण तीच आहे. मे महिन्यात वरच्या मजल्यावरच्या आमच्या स्वयंपाकघरात कोंबुच्याचा बघता बघता व्हिनेगर होतो आणि जानेवारीत तीच बरणी ढिम्म बसून राहते. मला वर्षभर एकसारखी चव हवी आहे. मुलगा शाळेतून आल्यावर बाटलीतल्या कोल्ड्रिंकऐवजी आनंदाने हेच पितो, म्हणून हा सगळा खटाटोप.

आता प्रश्न. फ्रिजचा नॉब सगळ्यात कमीवर ठेवला तरी आत दहाच्या वर जात नाही, मग २५ अंश कसे राखायचे? थंडीत ऊब कुठून आणायची? वायर आत न्यायला भोक पाडावं लागेल का? आणि तेंपे, कोंबुचा एकाच वेळी आत ठेवले तर चालतील का?

कॉम्प्रेसर_काका

ताई, हयात फ्रिज-दुरुस्तीत गेली, म्हणून फ्रिजपुरतं मी सांगतो. आंबवणीचं जाणकार सांगतील.

ड्रिल मशीन हातात घेऊ नका. फ्रिजच्या मागे काळी जाळी आहे का बघा. असेल तर गरम गॅसच्या नळ्या त्या जाळीत आहेत. मागची बाजू सपाट असेल तर त्याच नळ्या बाजूच्या पत्र्याआड, फोममध्ये दडवलेल्या असतात आणि कुठून कशा वळल्यात ते बाहेरून कळत नाही. एक भोक चुकीच्या जागी पडलं की गॅस गेला, आणि नळी जोडून पुन्हा गॅस भरायचा खर्च या फ्रिजच्या किमतीला भारी पडतो. मागच्या प्लेटवर गॅसचं नाव छापलेलं असतं तेही वाचून घ्या. आर-१३४ए असेल तर पेटण्याची भीती नाही. आर-६००ए म्हणजे आयसोब्युटेन, तो ज्वलनशील असतो, तिथे तर भोकाचा विचारसुद्धा नको. तसंच फ्रीझरचा डबा सुरीने खरवडायचा नाही आणि जागा मोठी व्हावी म्हणून वाकवायचाही नाही. तो डबा म्हणजेच गार करणाऱ्या नळ्या.

मग वायर कुठून न्यायची? तापमान मोजणाऱ्या सेन्सरची वायर बारीक असते, ती बिजागरीच्या बाजूने रबराखालून सरकवा, रबर तिला सामावून घेतो. ऊब देणाऱ्या बल्बची वायर चपटी घ्या, तीही तिथूनच. पाणी निचरायचं एक भोक फ्रिजमध्ये आधीच असतं, ते बघून मोह होईल, पण २३० व्होल्टची वायर तिथून कधीच नेऊ नका. तिथून पाणी वाहतं.

सुटलेला कोपरा आधी नीट करा. वर्तमानपत्राची पट्टी दारात धरून दार लावा आणि ओढा. सहज निघाली तर तिथून हवा जातेय. हेअर ड्रायरने रबर कोमट करून हाताने बाहेर ओढा आणि दार लावून गार होऊ द्या. बऱ्याचदा तेवढ्याने बसतो, नाहीतर नवा रबर मिळतो.

आता मुख्य गोष्ट. फ्रिजचा स्वतःचा थर्मोस्टॅट दूध-भाजीसाठी बनवलाय, २५ अंश हे त्याचं कामच नाही. नॉब सगळ्यात थंड आकड्यावर ठेवून द्या, म्हणजे तो मध्ये येणार नाही, आणि फ्रिजचा वीजपुरवठा बाहेरच्या कंट्रोलरमधून, म्हणजे तापमान बघून वीज चालू-बंद करणाऱ्या यंत्रातून घ्या. एसटीसी-१००० नावाचा मिळतो. बुधवार पेठेत पासोड्या विठोबाच्या आसपासच्या गल्ल्यांत विचारा, ऑनलाइनही आहे. घेताना २३० व्होल्टचाच आहे ना हे बघा, १२ व्होल्टचा हुबेहूब तसाच दिसतो. त्यात दोन रिले (आपोआप चालू-बंद होणारे स्विच) असतात, एक गार करायला आणि एक गरम करायला. २५ लावलं आणि फरक १ ठेवला की २६ ला कॉम्प्रेसर सुरू होऊन २५ ला बंद होतो, आणि २४ ला बल्ब लागून २५ ला विझतो. पुण्यात हे दोन्ही लागणार. मे महिन्यात दुपारी गारवा हवा आणि डिसेंबरच्या पहाटे ऊब.

त्यात एफ-३ नावाची सेटिंग आहे, कॉम्प्रेसर पुन्हा सुरू व्हायच्या आधी किती मिनिटं थांबायचं ती. येताना ती तीनवर असते, तुम्ही दहावर न्या. कॉम्प्रेसर बंद झाला की दोन्ही बाजूंचा दाब समान व्हायला वेळ लागतो. त्याआधी चालू केला तर तो अडतो, ओव्हरलोड (जास्त ताण आला की वीज तोडणारा भाग) टक् टक् करत राहतो आणि आतलं वाइंडिंग तापतं. जुना कॉम्प्रेसर असाच मरतो.

आंबटगोड_वारजे

काका, किती मनापासून लिहिलंत! मागे काळी जाळी आहे आणि प्लेटवर आर-१३४ए लिहिलंय. सेन्सर नेमका कुठे ठेवू? आणि बल्ब कोणता? आजकाल सगळीकडे एलईडीच मिळतात.

कॉम्प्रेसर_काका

सेन्सर हवेत लोंबकळत ठेवू नका. दार उघडलं की हवा लगेच बदलते, बरणीतलं पाणी बदलत नाही. बरणीच्या मध्यावर, पाण्याच्या पातळीखाली सेन्सर टेपने चिकटवा आणि वरून थर्माकोलचा तुकडा लावा, म्हणजे तो बरणीचंच तापमान सांगेल. त्याआधी सेन्सर बर्फाच्या पाण्यात बुडवून बघा. शून्य दाखवायला हवं, नसेल तर एफ-४ मध्ये तेवढी दुरुस्ती करा.

एलईडी उपयोगाचा नाही, आपल्याला उजेड नकोय, ऊब हवीय. जुन्या पद्धतीचा झिरोचा बल्ब घ्या. त्याला झिरो म्हणतात, पण तो १५ वॅटच्या आसपास ओढतो. फ्रिजच्या जाड फोममुळे खोलीत १८ असताना आत २५ राखायला तेवढी ऊब पुरते. बल्ब तळाशी ठेवा आणि त्यावर भोकं पाडलेला पत्र्याचा डबा पालथा घाला. आतल्या प्लास्टिकला तो कुठेही टेकता कामा नये, प्लास्टिक वितळतं. कॉम्प्युटरचा छोटा १२ व्होल्टचा पंखाही ठेवा, नाहीतर गार हवा खाली साचून वरची आणि खालची बरणी वेगळ्या चालीने चालतील.

पाषाणची_विरजणवाली

तेंपेचं मी सांगते, कारण त्यात माझा जीव गुंतलाय.

ताई, तेंपे आणि कोंबुचा एका वेळी आत ठेवू नका. पहिलं कारण तापमान. कोंबुच्याला २४ ते २७ पुरे, तेंपेच्या बुरशीला ३० ते ३२ लागतात. झिरोचा बल्ब तेवढं नेणार नाही, विशेषतः आमच्या पाषाणला, जिथे जानेवारीत रात्री पारा दहाच्या खाली जातो. ४० वॅटचा साधा बल्ब लावा. दुसरं कारण जास्त महत्त्वाचं आहे. तेंपे म्हणजे रायझोपस बुरशी. तिचे बीजाणू उडून कोंबुच्याच्या पांढऱ्या सायीवर बसले तर पूर्ण बरणी टाकावी लागेल. आठवड्याची आलटून-पालटून पाळी लावा, मधे खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने आतून पुसून दार दिवसभर उघडं ठेवा. (दार उघडं असताना घरातल्या मुलांकडे लक्ष हवं. त्या उंचीचा फ्रिज लहानांना लपायला आवडतो.)

तेंपेला खरी गरज गारव्याची असते, हे फार जणांना माहीत नसतं. सुरुवातीचे बारा-चौदा तास तुम्ही त्याला ऊब देता. मग बुरशी दाण्यांमध्ये पसरते आणि स्वतःच तापायला लागते. पिशवीवर हात ठेवला तर ताप आलेल्या कपाळासारखी लागते. त्या वेळी बल्ब बंदच हवा आणि कॉम्प्रेसरने मधे मधे गार करायला हवं, नाहीतर मधला भाग ३८-४० ला जाऊन बुरशी मरते आणि दाणे चिकट होतात. म्हणून सेन्सर तेंपेच्या पिशवीलाच चिकटवा. साध्या इन्क्युबेटरला हे जमत नाही, फ्रिजला जमतं.

पिशवीला टाचणीने भोकं पाडलेली असावीत आणि दार दिवसातून एकदोनदा उघडावं, बुरशीला श्वास लागतो. दाणे पांढऱ्या मऊ कापसात घट्ट बांधले गेले आणि वास ताज्या अळंबीसारखा आला की झालं. भोकांभोवती राखाडी-काळे ठिपके दिसले तर घाबरू नका, ते बीजाणू असतात. अमोनियाचा वास आला तर मात्र टाकून द्या.

आल्याच्या सोड्यासाठी काचेची बाटली पहिल्या वेळी वापरू नका. प्लास्टिकची सोड्याची बाटली बोटाने दाबून बघा, दगडासारखी घट्ट झाली की लगेच घरातल्या नेहमीच्या गार फ्रिजमध्ये हलवा. २५ अंशांत वायू झपाट्याने चढतो आणि काच फुटली तर बाजूला उभ्या माणसाला लागते.

लॉ_कॉलेज_रोड

कोणी हा धागा वाचून त्याच कपाटात बिअर लावायचा विचार करत असेल, तर आपल्याकडे महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९ आहे. परवान्याशिवाय घरी दारू बनवणं हा त्याखाली गुन्हा आहे, स्वतःपुरती केली तरी. एडिनबरोचा नियम इथे लागू नाही. ताईंनी बिअर नको म्हटलं ते योग्यच केलं.

एक गोष्ट मात्र मला फार आवडते. कार्ल फॉन लिंडेची सुरुवातीची शीतयंत्रं १८७० च्या दशकात म्युनिकच्या श्पाटेन ब्रुअरीसाठी बनली, म्हणजे यंत्राचा गारवा घरच्या दुधा-भाजीला पुरण्याच्या फार आधी आंबवणीच्या कामाला लागला होता. तुमचा फ्रिज परत त्याच कामाला लागतोय.

आंबटगोड_वारजे

सगळ्यांचे आभार. आल्याची सोडा प्लास्टिकमध्येच करते. काका, आमच्याकडे गुरुवारी दुरुस्तीसाठी बऱ्याचदा वीज जाते. तेव्हा काय करू?

कॉम्प्रेसर_काका

दार उघडू नका, एवढंच. रिकाम्या जागेत पाण्याच्या भरलेल्या बाटल्या ठेवा, त्या तापमान धरून ठेवतात. दोन-तीन तासांत फारसा फरक पडणार नाही. वीज आल्यावर कंट्रोलर आधी थांबतो आणि मगच कॉम्प्रेसर चालू करतो, म्हणून ती दहा मिनिटं सांगितली.

वायरिंग मात्र स्वतः करू नका. कंट्रोलर प्लास्टिकच्या स्विचबोर्डात बसवून घ्या, तीन पिनचा प्लग लावा, अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या. कंट्रोलरला अर्थिंगचं टर्मिनल नसतं, म्हणून हिरवी वायर थेट फ्रिजच्या बॉडीपर्यंत जायलाच हवी. नुसतं पाणी भरलेली बरणी ठेवून एक दिवस-रात्र चालवा, आकडा २४ आणि २६ च्या मधे राहतोय हे बघा, आणि मगच कोंबुचा आत ठेवा.