एरियल बदलण्याआधी टीव्ही तपासा

गच्चीवरचा जुना एरियल म्हैसमाळच्या टीव्ही टॉवरकडे फिरवला तरी डिजिटल चॅनल सापडत नाही, असं फुलंब्रीच्या दादांनी विचारलंय. दादा, नवा एरियल घ्यायची घाई करू नका. आधी टीव्हीत डीव्हीबी-टी2 ट्यूनर, म्हणजे एरियलवरचा डिजिटल सिग्नल पकडणारा भाग, आहे का ते बघा. नसेल तर एरियलचा पाइप कितीही उंच करा, उपयोग नाही. 2016 मध्ये दूरदर्शनने 16 शहरांत एरियलवरची ही डिजिटल सेवा सुरू केली, त्यात आपलं औरंगाबाद होतं, लातूर-नांदेड नव्हतं. तिकडच्यांनी सरळ फ्री डिशची छत्री लावावी.

ट्यूनर असेल तर एरियलच्या काड्यांची लांबी मोजा. हे डिजिटल चॅनल यूएचएफ, म्हणजे जास्त वारंवारतेच्या लहरींवर येतात; त्यांना साधारण 30 सेंटीमीटरची काडी लागते. पाऊण मीटरच्या असतील तर त्या व्हीएचएफच्या, म्हणजे कमी वारंवारतेच्या. चपटी पट्टीवायर काढा, बालन (एरियल आणि केबल जुळवणारा छोटा जोड) लावून 75 ओहमची गोल केबल घाला. जोडाजवळचं तांबं हिरवं पडलं असेल तर तेवढं कापून नव्याने सोला, बऱ्याचदा घोळ तिथेच असतो. पूर्वी पडद्यावरच्या मुंग्या कमी-जास्त झाल्या की दिशा कळायची. डिजिटलमध्ये चित्र एकतर स्वच्छ, नाहीतर चौकोन पडून गायब. म्हणून थोडं थोडं फिरवा आणि दरवेळी पुन्हा स्कॅन करा.