समानार्थी शब्दांच्या याद्यांबाबत

समानार्थी शब्दांच्या याद्या पाठ केल्या की इंग्रजी शब्दसंपदा आपोआप वाढते, हे मत मला पटत नाही. यवतमाळ जिल्ह्यातील आमच्या गावात मी दहावीच्या मुलांना शिकवतो. तेथे एका मुलीने ‘मी आजीला कापूस वेचणीबद्दल विचारले’ या वाक्यासाठी ‘इंटरोगेट’ हे क्रियापद लिहिले, कारण यादीत ते ‘आस्क’च्या शेजारीच होते आणि त्यातला पोलिसी चौकशीचा सूर यादीने तिला सांगितलाच नव्हता.

१०६६ मध्ये फ्रान्समधून आलेल्या नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकल्यानंतर इंग्रजीवर फ्रेंच आणि पुढे लॅटिन शब्दांचे थर चढले, म्हणून मूळचा ‘आस्क’ घरगुती वाटतो, तर फ्रेंचमधून आलेला ‘क्वेश्चन’ अधिक औपचारिक. ‘पुट ऑफ’ आणि ‘पोस्टपोन’ यांतही हाच भेद आहे: पेरणी लांबवल्याचे शेजाऱ्याला सांगताना पहिला शोभतो, बँकेला अर्ज लिहिताना दुसरा.