गाबोळीवाली शेवंड विकायला बंदी हवी का?

दर्याकाठची
रविवारी बाजारात एका टोपलीत शेवंड (लॉबस्टर) होती, मिशा अजून हलत होत्या. उलटी करून पाहिली तर शेपटीखाली नारिंगी अंड्यांचा जाड थर. शेजारच्या गिऱ्हाइकाने मुद्दाम तीच उचलली, गाबोळी मिळते म्हणून. तेव्हापासून डोक्यात एकच आहे: अंडी असलेली शेवंड विकायला आणि विकत घ्यायला बंदी हवी, हॉटेलांसकट.

मुंबईने हे एकदा भोगलं आहे. मिशांच्या जागी पसरट पाती असलेली चपटी शेवंड इथल्या ट्रॉलरना, म्हणजे तळावरून जाळं ओढणाऱ्या बोटींना, भरपूर मिळायची. १९९४ पर्यंत तिची मासेमारीच कोसळली. देशभरात सगळ्या प्रकारची शेवंड मिळून १९८५ मध्ये ४,०७५ टन निघाली होती. पुढच्या दशकांत हा आकडा निम्म्याच्याही खाली गेला. आता टोपलीतल्या या लांब मिशांच्या काटेरी शेवंडीचीही तीच गत होऊ द्यायची का?

नाखवा_७
ताई, तुमची कळकळ पटते, पण बंदी म्हटलं की पहिला हात आमच्याच कॉलरला पडतो. शेवंड धरायला म्हणून कोणी निघत नाही. कोळंबी, बोंबलाबरोबर ती जाळ्यात येते. डिझेल, बर्फ, खलाशांचा वाटा वजा जाता हातात काय उरतं ते घरात विचारा. चार मोठ्या शेवंडी मिळाल्या तर बर्फाचे पैसे सुटतात. मी सोडली तर शेजारची बोट धरणार. आणि ट्रॉलच्या जाळ्यात दोन-तीन तास घासून आलेली मादी पाण्यात टाकली तरी जगणार का?

प्राणिशास्त्र_शिकवते
नाखवा, जगण्याचं उत्तर तुमच्याच धंद्यात आहे. जिवंत शेवंड ओल्या भुशात गुंडाळून विमानाने परदेशी जाते. कल्ले ओले आणि अंग गार राहिलं तर ती पाण्याबाहेर कित्येक तास काढते. पाय तुटलेल्या, चिरडलेल्या मादीची गोष्ट वेगळी, ती वाचणार नाही. पण डोलीत (प्रवाहात रोवलेल्या पिशवीसारख्या जाळ्यात) किंवा तळाला लावून ठेवलेल्या जाळ्यात आलेली धडधाकट मादी लगेच सोडली तर वाचायची शक्यता खूप आहे.

सोडलेल्या अंड्यांचं पुढे काय होतं तेही सांगते, कारण मला स्वतःला याचं नवल कधी संपत नाही. अंड्यातून निघतं ते डिंभक काचेसारखं पारदर्शक आणि पानासारखं चपटं असतं. आईशी त्याचं काडीचंही साम्य नसतं. कात टाकत टाकत ते कित्येक महिने खुल्या समुद्रात वाहत राहतं. मग एकाच कातीत त्याचं रूप पालटतं आणि शेवंडीच्या आकाराचं, तरीही पारदर्शक, बोटाच्या पेराएवढं पिल्लू तयार होतं. हे पिल्लू काहीही खात नाही. साठवलेल्या चरबीवर पोहत किनारा गाठतं आणि तळाला बसतं. लाखो अंड्यांतून इथवर पोचणारी मोजकीच.

हिशेबनीस
म्हणूनच मला हा प्रस्ताव चुकीच्या टोकाला धरलेला वाटतो. मादी लाखांनी अंडी घालते आणि डिंभकं प्रवाहाबरोबर कुठेही जातात. आपण सोडलेल्या मादीची पिल्लं आपल्याच खाडीत येतील असं कोण सांगेल? खरी नासाडी लहान शेवंडीची होते, जी एकदाही व्यायली नाही तीच टोपलीत येते. निर्यातीसाठी २००३ पासून किमान वजन ठरलेलं आहे. आपल्याकडच्या चिखलातल्या काटेरी शेवंडीला ३०० ग्रॅम, चपटीला १५० ग्रॅम. आधी हे इथल्या बाजारात कडक लावा.

शिवाय चपटीचं उदाहरण इथे बसत नाही. ती अंडी घालते फक्त हजारांत, आणि राहते नेमकी ट्रॉल ओढतात त्याच वाळूत-चिखलात.

दर्याकाठची
चपटीबद्दलचा फरक मान्य. मी दोन्ही एका मापाने मोजायला नको होतं. पण वजनाच्या नियमाने भरगच्च, अंडी लगडलेली मोठी मादी कुठल्याच तराजूवर अडकत नाही, उलट तिलाच भाव जास्त. लहानही सोडा आणि गाबोळीवालीही सोडा, यातून एकच निवडायची सक्ती का?

पर्थमधला_रत्नागिरीकर
पश्चिम ऑस्ट्रेलियात अंडीवाली मादी ठेवणं गुन्हा आहे. इथलीही डिंभकं जवळजवळ वर्षभर शेकडो किलोमीटर दूर समुद्रात असतात, तरी हा नियम चालतो. किनाऱ्यावर कृत्रिम शेवाळाचे झुपके टांगून दर महिन्याला किती पिल्लं बसली ते मोजतात. त्यावरून तीन-चार वर्षांनी शेवंड किती मिळेल याचा अंदाज बांधतात. २००८ च्या सुमारास झुपके जवळपास रिकामे निघाले. तेव्हा शेवंड अजून मिळत होती, तरी वाईट वर्षं यायच्या आधीच मासेमारी घटवली, वर्षाची मर्यादा साधारण ५,५०० टनांवर आणली. लोक भांडले, पण साठा वाचला.

नाखवा_७
भाऊ, तिथे पिंजरे लावतात ना? पिंजऱ्यातली शेवंड अंगाला ओरखडा न येता बाहेर येते, नको ती सोडून देता येते. परवानेही मोजकेच असतील. इथे एका पट्ट्यात ट्रॉलर, डोली, गिलनेट सगळे. त्यांचा कायदा उचलून इथे ठेवला तर मोडेल तो लहान बोटवालाच.

पर्थमधला_रत्नागिरीकर
हो, पिंजरेच. परवान्यांची संख्या १९६३ मध्येच गोठवली. तुमचा मुद्दा खरा आहे, कायदा जसाच्या तसा नको. पण पिल्लं मोजायचे झुपके लावायला अडचण काय?

प्राणिशास्त्र_शिकवते
नाखवांना एक विचारायचं होतं. हातात धरली की शेवंड कर्र कर्र करते ना? मिशीच्या बुडाचा मऊ भाग डोळ्याखालच्या पट्टीवर घासून तो आवाज येतो, व्हायोलिनवर गज फिरावा तसा. म्हणून नुकती कात टाकून अंग मऊ असतानाही तिला शत्रूला दचकवता येतं. काटेरी शेवंडींच्या कुळात आवाज करणारे आणि मुके असे दोन गट आहेत. आपली आवाज करणाऱ्यांतली.

नाखवा_७
करते तर! नवीन खलाशी त्या आवाजानेच हातातून टाकतो.

माझं म्हणणं आता सरळ सांगतो. दंड लावायचा तर विकत घेणाऱ्याला लावा, दलालाला आणि हॉटेलला. गाबोळीवालीला गिऱ्हाईकच नसेल तर मी ती वर कशाला ठेवू? बोटीवर पोलीस पाठवलात तर मात्र विरोध करीन.

दर्याकाठची
हे मला मान्य. "विकायला" हा शब्द मागे घेते, मागणी खरेदीवरच्या बंदीची.

हिशेबनीस
त्यात लहान शेवंडही घाला, मग माझाही पाठिंबा.

नाखवा_७
घाला. पुढच्या फेरीला एका टपात समुद्राचं पाणी भरून ठेवतो. जाळ्यातून आलेल्या गाबोळीवाल्या त्यात टाकून पाहतो, संध्याकाळपर्यंत किती हलत्या राहतात. डोलीतल्या वेगळ्या मोजीन, ट्रॉलवाल्या मित्राकडच्या वेगळ्या. आकडा इथेच लिहितो.